सहीची जागा

सर गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा एक बरा फोटो मिळेना. फोटो पुष्कळ होते, पण सर रागावलेले नाहीत असा एकही नव्हता. लग्नाच्या फोटोत ते भटजींकडं असं बघतायत की भटजींचा अक्षतांचा हात हवेतच राहिलाय. आधार कार्डावर ते कार्ड काढणाऱ्या पोरावर डाफरतायत. कॉलेजच्या ग्रुप फोटोत आम्ही सगळे दात काढून उभे, आणि मधोमध सर, आत्ताच कुणीतरी त्यांच्या ओल्या कॅनव्हासवर बूड टेकवल्यासारखे. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, अल्बम मिटला. म्हणाल्या, "जन्मभर सांगितलं, एकदा तरी हसा. तर म्हणायचे, हसण्यासारखं काही झालं की हाक मार."

हाक मारायची वेळ आली नाही.

सर आमच्या चित्रकलेच्या कॉलेजात शिकवायचे. मूळचे कन्नड तालुक्याकडचे, शेतकऱ्याच्या घरचे. चार बांधांपलीकडच्या बैलाला वळवणारा आवाज त्यांनी शहरात येतानाही बदलला नाही. ते वर्गात ओरडले की हर्सूल तलावावरचे बगळे उडायचे. बरं, उडायचे नाहीत. पण माना वर करून एकमेकांकडं बघायचे, एवढं मी कोर्टातही सांगेन. शहराचं जुनं नाव घ्यावं की नवं, यावरून त्यांच्यासमोर वाद पेटला की ते दोन्ही बाजूंना एकाच शिवीत गुंडाळायचे आणि पुढं निवांत "आपलं गाव" म्हणून बोलत राहायचे.

त्यांच्या वर्गात मकबऱ्याला बंदी होती. चांदण्यातला नाही, धुक्यातला नाही, कबुतरांसकट नाही. "तो बिचारा उभा आहे तिथं उभा राहू द्या, त्याला कागदावर आणून कशाला दमवता?" असं त्यांचं म्हणणं. सिल्लोडच्या एका पोरानं सूर्यास्तातला मकबरा काढून आणला, तर सरांनी तो खिडकीतून खाली सोडला. खाली प्राचार्यांची गाडी होती. प्राचार्य चित्र हातात घेऊन वर आले आणि म्हणाले, छान आहे की हो. सर म्हणाले, "म्हणूनच टाकलं."

चित्र बघायची त्यांची तऱ्हाही न्यारी. चित्राकडं पाठ करायची, पाय फाकवायचे, कमरेत वाकायचं आणि स्वतःच्या दोन पायांमधून चित्र उलटं बघायचं. सरळ बघितलं की डोळा ओळखीचं काहीतरी शोधत बसतो, उलटं बघितलं की जे आहे ते दिसतं, हा त्यांचा सिद्धांत. एका प्रदर्शनात प्रमुख पाहुण्यांनी फीत कापली आणि आत पाऊल टाकलं, तर समोर सरांचं ते ध्यान. पाहुण्यांना वाटलं, इकडं स्वागताची अशी काही रीत असेल. त्यांनी त्या पार्श्वभागाला वाकून नमस्कार केला.

आणि सर चित्रावर सही करायचे नाहीत. कधीच नाही. "चित्र कुणाचं आहे ते चित्रातच दिसतं. खाली नाव कशाला घालायचं? हरवलं तर आणून द्या म्हणून?"

पहिल्या वर्षाच्या मुलांना ते एक धडा द्यायचे, तो पुढं कामाला येणार आहे म्हणून सांगून ठेवतो. रॉकेलची चिमणी पेटवायची, तिच्यावर एक पाटी धरून ती काळीठिक्कर करायची, आणि मग त्या काजळीवर आम्ही पांढरा डिस्टेंपर मारायचा. दोन हात मारले की पाटी दुधासारखी. आम्ही खूश. सर म्हणायचे, आता थांबा. पाटी दाराशी टांगलेली राहायची. काही दिवसांत तिच्यावर चहा सांडल्यासारखा डाग यायचा, मग तो पसरायचा, गडद व्हायचा. पुन्हा पांढरा मारला तरी पुन्हा यायचा. "पाण्यातला रंग काजळीवर टिकत नाही," सर सांगायचे. "आधी लाखेचं पॉलिश मारून तिचं तोंड बंद करावं लागतं. नाही केलं, तर ती बोलणार."

सरांना मित्र एकच. जुन्या शहरातल्या एका गल्लीत फ्रेम बनवणारे चाचा. त्यांच्या दुकानात एकाच भिंतीवर गणपती, मक्का, बाबासाहेब, साईबाबा, कुणाची पदवी, कुणाचा मेलेला सासरा, असे सगळे खांद्याला खांदा लावून काचेची वाट बघत असायचे. चाचा सरांना माष्टर म्हणायचे, सर चाचांना हजरत म्हणायचे, आणि दोघंही एकमेकांना कामचोर समजायचे. चाचा चित्र हातात फिरवत मुद्दाम विचारायचे, माष्टर, याची वरची बाजू कोणती? सर म्हणायचे, तुझी अक्कल ज्या बाजूला नाही ती. चाचांचा दावा असा की लोक प्रदर्शनात माष्टरचं चित्र नाही, त्यांची सोनेरी पट्टी बघायला येतात. त्यात तथ्य होतं असं मी म्हणणार नाही, पण पट्टी खरंच देखणी असायची.

मग ती दंगल झाली. कशावरून झाली ते तुम्हाला माहीत आहे. ज्यावरून नेहमी होते त्यावरूनच. मोबाईलवर काहीतरी आलं, आणि ज्यांच्या हातात मोबाईल होते त्यांच्या हातात दगड आले. खबरदारी म्हणून दुपारपासून त्या भागाची वीज बंद केली होती. संध्याकाळी चाचांचं दुकान जळालं.

आत काय होतं ते ऐका. लोकांनी फ्रेमला दिलेली आईबापांची, आजोबांची, अकाली गेलेल्या पोरांची चित्रं आणि फोटो होते. घरोघरची मेलेली माणसं त्या संध्याकाळी दुसऱ्यांदा जळाली, आणि या खेपेला त्यांना विचारणारंही कुणी नव्हतं. सरांची चित्रंही तिथंच होती. आयुष्यभर टाळलेलं स्वतःचं पहिलं प्रदर्शन ते करणार होते आणि सगळी चित्रं फ्रेमला दिली होती. त्याबद्दल त्यांनी नंतर अवाक्षर काढलं नाही. मी एकदा विषय काढला तर माझ्यावरच खेकसले, "चित्रं काय, परत काढीन. फोटो कुठनं आणणारेस लोकांचे?"

चौकशी झाली. कागदावर लिहून आलं, शॉर्टसर्किट.

सरांनी ते वाचलं आणि गल्लीच्या मध्यावर येऊन उभे राहिले. मी त्यांचे पुष्कळ राग बघितलेत. शिसपेन्सिली आपोआप मोडायच्या असे राग. पण हा शांत होता, म्हणून मला त्याची भीती वाटली. म्हणाले, "दुपारपासून वायरीत करंट नव्हता. बिनविजेचं शॉर्टसर्किट. हा शोध आपल्या गावानं लावला, जगाला कळवा."

आता खरी मेख काय होती ते सांगतो. दुकान जळालं हे चाचांनी पचवलं असतं. पण शॉर्टसर्किट म्हटल्यावर लोक चाचांकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागले. एक म्हातारी आली. बसनं गावाकडनं आली होती, नवऱ्याचा एकुलता एक फोटो फ्रेमला देऊन गेलेली. जळक्या उंबऱ्याशी बसली. रडली नाही, ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्याचा तेवढाच फोटू व्हता रं बाबा. वायरी तरी नीट ठेवायच्या."

चाचा खाली मान घालून उभे. ती गेल्यावर सरांना म्हणाले, "दुकान गया, चलता माष्टर. पण लोकं म्हणायलेत, त्यांची मेलेली माणसं मीच जाळली. ये नक्को था."

आणि पुरावा तर भिंतीवर होता. आग आतून लागली तर काळं आत असतं. इथं शटरच्या शेजारी, बाहेरच्या भिंतीवर, गल्लीच्या बाजूनं, एका ठिकाणी काहीतरी येऊन फुटल्याची खूण होती. त्या बिंदूपासून काळ्या जिभा चहूबाजूंना फाकलेल्या आणि खाली शटरकडं ओघळलेल्या. पाच वर्षांच्या पोरालाही कळेल की हे बाहेरून फेकलंय. चौकशीला आलेल्यांना कळलं नाही, कारण ते पाच वर्षांचे नव्हते.

त्या भिंतीचा डौल असा की पुण्याहून एक कलावंत आला. दंगलींवर काम करतो म्हणे. गळ्यात मफलर, आणि तोही मे महिन्यात. त्याला चाचांचं जळून वाकलेलं शटर प्रदर्शनात मांडायला हवं होतं. भिंतीजवळ गेला, डोळे मिटले आणि म्हणाला, काय विलक्षण टेक्स्चर आहे. सरांनी त्याचा हात हातात घेतला, अगदी प्रेमानं, आणि भिंतीवर वरपासून खालपर्यंत फिरवला. हात कोपरापर्यंत काळा झाला. सर म्हणाले, "आता याच हातानं जेवायला बस. मग सांग टेक्स्चर कसंय." तो शटर न घेताच गेला. मफलर मात्र विसरून गेला, त्याचं चाचांनी फडकं केलं.

एवढ्यात शहरात परदेशी पाहुणे येणार अशी बातमी आली आणि एक सुशोभीकरण समिती उगवली. तिचे अध्यक्ष पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आणि पांढऱ्याशुभ्र बुटांत फिरायचे. इतके पांढरे की ते गल्लीत आले की लोक कपडे वाळत घालायला बाहेर यायचे. पाहुण्यांना जुनं शहर दाखवायचं होतं आणि वाटेत ही भिंत होती. अध्यक्षांनी ठरवलं, इथं सद्भावनेचं चित्र काढायचं. मोठं पांढरं कबूतर, खाली हातात हात. आणि काढायचं सरांनी, विद्यार्थ्यांकडून.

आम्हाला वाटलं, आता अध्यक्ष खिडकीतून खाली जाणार. सरांनी भिंतीकडं पाठ केली, वाकून पायांमधून बराच वेळ बघितलं, उभे राहिले आणि म्हणाले, "काढतो की."

कॉलेजात गदारोळ झाला. शेवटच्या वर्षाची एक मुलगी, जिला सर स्वतःपेक्षा तिखट म्हणायचे, ती सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, आम्हाला मकबरा काढू देत नव्हता तुम्ही. आणि आता जळक्या भिंतीवर कबूतर?"

"कबूतर नीट काढ," सर म्हणाले. "आणि पांढरा अंगाला जाड लाव. कंजूषपणा नको."

 चाचा जळक्या दुकानापुढं मांडलेलं आपलं तात्पुरतं टेबल घेऊन गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि माष्टरशी बोलायचे बंद झाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

कामाच्या दिवशी समितीचे टी-शर्ट घातलेली पोरं शिड्या धरायला आली. त्यातली काही दुकान जळालं त्या संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी होती. गल्लीतल्या बायकांनी त्यांना ओळखलं आणि खिडक्या लावून घेतल्या. त्यातल्याच एकानं शिडी धरून मला विचारलं, सर, सेल्फी काढू का? मी तेव्हा कॉलेज संपवून शाळेत ड्रॉइंग शिकवत होतो, सरांनी बोलावलं म्हणून गेलो होतो. शहाणपणा करून लाखेच्या पॉलिशचा डबाही नेला होता. काजळी आहे, आधी हे मारावं लागेल, असं मी म्हणालो. समितीनं नेमलेला रंगाचा ठेकेदारही म्हणाला, मारू या का?

सरांनी डबा माझ्या हातातून घेतला. झाकण काढलं, वास घेतला, आणि सगळं पॉलिश गटारीत पालथं केलं. "जुनं झालंय," ठेकेदाराला म्हणाले. "भिंत झकास आहे. मारा डिस्टेंपर."

तेव्हा मला कळलं.  सरांनी नाही म्हटलं असतं तर समितीनं दुसरा कुणी आणला असता, आणि त्यानं ऑइल पेंट फासून भिंतीचं तोंड कायमचं बंद केलं असतं. मी कुणाला काही बोललो नाही. पांढरा कालवत बसलो.

कबूतर असं झालं की खरी कबुतरं त्याच्यापाशी येऊन दाणे ठेवून जायची. पाहुणे आले, फोटो झाले, भाषणं झाली. अध्यक्षांनी चाचांना बोलावून शाल-नारळ दिलं आणि माईकवर सांगितलं की शॉर्टसर्किटच्या दुर्दैवी घटनेतून सावरलेले हे आपले बांधव. चाचांनी नारळ हातात धरला होता, दगड धरावा तसा. फोटोग्राफरनं सगळ्यांना हसायला सांगितलं. त्या फोटोत सर कोपऱ्यात उभे आहेत. त्या चेहऱ्याचं वर्णन मी करत नाही. मला वाढवून सांगायची सवय आहे आणि इथं वाढवायला जागा नाही.

पाहुणे गेले. सर रोज संध्याकाळी गल्लीत यायचे, भिंतीसमोरच्या टपरीवर बशीत चहा ओतून बसायचे आणि बघत राहायचे. चाचा तोंड फिरवून घ्यायचे. असे आठवडे गेले.

आधी कबुतराच्या मानेवर पिवळट ठिपका आला. लोक म्हणाले, पक्ष्यानं घाण केली. मग ठिपका तपकिरी झाला, छातीवर उतरला, पंखांत शिरला. गल्लीतली पोरं म्हणाली, कबूतर भाजलं. समितीनं माणूस पाठवून पांढरा मारला. पुन्हा आलं, आता जास्त गडद. आणि बघता बघता ती खूण जशीच्या तशी वर आली. फुटल्याचा तो बिंदू, त्याच्या जिभा, आणि शटरकडं गेलेले ओघळ. पांढऱ्यावर तर ती आधीपेक्षा स्वच्छ दिसत होती.

त्या संध्याकाळी चाचा आपलं स्टूल घेऊन टपरीवर सरांशेजारी येऊन बसले. भिंतीकडं बघत म्हणाले, "माष्टर, तुम्हें मालूम था."

"तू मला कबूतरवाला समजलास," सर म्हणाले. "गधा आहेस."

"तुम बी."

दुसऱ्या दिवशी चाचांनी आपली सगळ्यात रुंद सोनेरी पट्टी कापली. लग्नातल्या मांडवाएवढी फ्रेम केली, तुकड्या तुकड्यांची काच बसवली, आणि त्या डागाभोवती भिंतीत ठोकली. खाली नाव नाही, शीर्षक नाही. नुसती फ्रेम.

लोक थांबायला लागले. ती म्हातारी पुन्हा आली. शहरात काही काम होतं की मुद्दाम आली, ते तिनं सांगितलं नाही. फ्रेमसमोर उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून बघितलं. मग चाचांकडं वळली.

"हे तर भायेरून फेकलंय रं."

 तिनं पिशवीतून झेंडूचा हार काढला. देवाला न्यायचा असेल. "फोटू तर नाय," म्हणाली, "पण म्हातारा इथंच जळाला ना? मग इथंच घालते." आणि तिनं तो हार फ्रेमला घातला.

दुसऱ्या दिवशी आणखी हार आले. ज्यांची ज्यांची माणसं त्या दुकानात जळाली होती ती सगळी आली. कुणी हार घातला, कुणी गुलाबाची चादर आणली, कुणी नुसताच हात लावून गेलं. समितीनं ऑइल पेंटचे डबे देऊन माणसं पाठवली. ती आली, फ्रेमसमोर थांबली, चपला काढल्या, आणि तशीच परत गेली. हार घातलेल्या तसबिरीवर ब्रश मारायला आपल्या गावात अजून तरी हात धजत नाही. माणसं जाळायला धजतो, तो भाग वेगळा.

मग अध्यक्ष स्वतः आले. पांढरे बूट गल्लीच्या चिखलात जपून टाकत. मागं तीच टी-शर्टवाली पोरं. अध्यक्षांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "सर, हे काय करून ठेवलंत?"

सरांनी बशी खाली ठेवली. "मी कुठं? माझं कबूतर होतं. ते बघा, पाय दिसतायत अजून."

"मग हे कुणाचं आहे?"

गल्ली अशी गप्प झाली की पलीकडच्या गल्लीतला प्रेशर कुकर ऐकू आला. सर उठले. फ्रेमपाशी गेले, हार बाजूला सारले, आणि डागाच्या खालचा उजवा कोपरा बोटानं दाखवला. चाचांनी फ्रेम ठोकताना तिथली काच बसवलीच नव्हती. तळहाताएवढी जागा मोकळी होती.

"मी जन्मात कधी चित्रावर सही केली नाही," सर म्हणाले. "पण यावर पाहिजे. जागा सोडलीय. ज्यानं काढलंय त्याला पाठवा."

बोलताना ते अध्यक्षांकडं बघत नव्हते. त्यांच्या मागं उभ्या पोरांकडं बघत होते, एकेकाच्या चेहऱ्याकडं, पहिल्या वर्षाच्या वर्गात हजेरी घ्यायचे तसं. एक जण मोबाईल खिशात घालून मागं सरकला. अध्यक्ष काहीतरी पुटपुटून वळले. जाताना त्यांचा एक बूट चिखलात रुतला, तो त्यांनी काढला की तसाच सोडला, याबद्दल गल्लीत दोन मतं आहेत. मी दुसऱ्या मताचा आहे.

चौकशीच्या कागदावर अजून शॉर्टसर्किटच आहे. पण चाचांना आता कुणी वायरींबद्दल विचारत नाही.

काकूंना फोटो सापडेना तेव्हा चाचाच घरी आले होते. त्यांनी अल्बम चाळला आणि समारंभातला तो फोटो काढून घेतला, नारळाच्या दिवसाचा, ज्याचं वर्णन मी केलं नाही. काकू म्हणाल्या, अहो, यात तर सगळ्यात जास्त चिडलेत. चाचा म्हणाले, म्हणूनच.

तो आता चाचांच्या नव्या दुकानात लावलाय, बरोब्बर भिंतीसमोर. मी एकदा हार घेऊन गेलो तर चाचांनी तो घालू दिला नाही. म्हणाले, हारानं तोंड झाकतं, नक्को. माष्टरला समोरचं दिसलं पाहिजे.

समोर तो कोपरा अजून मोकळा आहे. गल्लीतनं जाताना काही पोरं मान खाली घालून, भिंतीची बाजू सोडून चालतात. सर वरनं बघत असतात, कोण पेन घेऊन येतंय.